निशाणावरची गावं

(बिलोली येथील स्मृती व्याख्यानमालेतील दुसरे पुष्प. भाषणाचा मुद्रित मजकूर.)

मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या तरुण मित्रांनो,

आधी तुम्हालाच सांगतो. पुढे या. खुर्च्या रिकाम्या आहेत आणि आजचा विषय तुमचाच आहे.

संयोजकांनी मला विषय सुचवला होता तो 'सैन्यदल : तरुणांसाठी संधी'. मी तो नम्रपणे बदलून घेतला. संधी सांगायला आता माझी गरज राहिलेली नाही. नरसीपासून कुंडलवाडीपर्यंत रस्त्याने गेलात तर भरतीपूर्व प्रशिक्षणाचे फलक दिसतात. सोळाशे मीटर किती वेळात पळायचं, बीमवर किती वेळा वर यायचं, नऊ फुटांची खाई कशी ओलांडायची, छाती किती फुगली पाहिजे, हे शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल. ज्या गुरुजींच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते ते इतिहास शिकवत आणि शाळेत पीटीचा तासही घेत. त्या दोन तासांमध्ये त्यांनी भिंत घातली नव्हती. म्हणून मी विषय घेतला : बेळगावच्या किंवा आणखी कुठल्या प्रशिक्षण केंद्राची गाडी धरण्याआधी, उस्तादाच्या म्हणजे प्रशिक्षकाच्या हाताखाली जाण्याआधी, पोरांनी लष्कराचा इतिहास आणि परंपरा किती आणि कशी शिकून घ्यावी.

तुम्ही म्हणाल, इतिहास तर आम्ही करतोच, पेपरला असतो. असतो ना. सेनादिन १५ जानेवारी, कारण १९४९ मध्ये त्या दिवशी करिअप्पा पहिले भारतीय सरसेनापती झाले. पहिलं परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मा, ४ कुमाऊँ, बडगाम, ३ नोव्हेंबर १९४७. हात प्लास्टरमध्ये असताना ते लढले, हेही तुम्हाला पाठ आहे. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगाल. आता मी एक प्रश्न विचारतो, जो कुठल्याही गाइडमध्ये नाही. ही ४ कुमाऊँ पलटण मूळची कुठली?

उत्तराखंड, असं कुणीतरी म्हणालं. रेजिमेंटचं मुख्यालय राणीखेतला आहे, खरं आहे. पण ४ कुमाऊँची मुळं आहेत एलिचपुरात, म्हणजे आपल्या शेजारच्या वऱ्हाडातल्या अचलपुरात. तिथल्या नबाब सलाबत खानाच्या फौजेत १७८८ मध्ये ती उभी राहिली. २ कुमाऊँच्या नावाला तर आजही 'बेरार' चिकटलेलं आहे. हे काय गौडबंगाल आहे, ते नीट सांगितलं पाहिजे, कारण त्यात आपला मराठवाडा गळ्यापर्यंत बुडालेला आहे.

निजामाच्या राज्यात दोन प्रकारच्या फौजा होत्या. एक निजामाची स्वतःची, तिच्यात अरब, रोहिले, पठाण असे नाना लोक. दुसरी निजामाच्या पैशावर, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाखाली. हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याने १८१३ मध्ये या दुसऱ्या फौजेची एक ब्रिगेड उभी केली, ती रसेल ब्रिगेड. पुढे तिला इतर पलटणी जोडल्या गेल्या आणि 'हैदराबाद कंटिंजंट' हे नाव पडलं. तिच्या छावण्या कुठे होत्या? हिंगोली, औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, तिकडे एलिचपूर. हिंगोलीला आपण हळदीचा भाव बघायला जातो, पण ते गाव एके काळी छावणीचं होतं, हे किती जणांना ठाऊक आहे?

या फौजेचा खर्च निजामाला झेपेना. सावकारी कर्ज झालं, पगाराची बाकी तुंबली, आणि शेवटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब हे मुलूख त्या खर्चापोटी इंग्रजांकडे लावून द्यावे लागले. धाराशिव आणि रायचूर १८६० मध्ये परत आले, वऱ्हाड गेलं ते गेलंच. आज वऱ्हाड आणि मराठवाडा हे दोन वेगळे विभाग म्हणून आपण भांडतो ना अनुशेषावरून, त्या वेगळेपणाचं एक मोठं कारण म्हणजे एका फौजेचा थकलेला पगार. असो. हा माझा नेहमीचा फाटा आहे, परत विषयावर येतो.

१९०३ मध्ये कंटिंजंट मोडून तिच्या पलटणी हिंदुस्थानी सैन्यात घेतल्या. १९२२ मध्ये त्यांची १९ हैदराबाद रेजिमेंट झाली. दुसऱ्या महायुद्धात तिच्या आठव्या बटालियनचं नेतृत्व ब्रह्मदेशात पुढे लष्करप्रमुख झालेल्या थिमय्यांनी केलं. आणि त्याच ब्रिगेडमध्ये, शेजारच्या पंजाबी पलटणीचे कमांडर होते आपले मराठी अधिकारी एस. पी. पी. थोरात. पण तोवर भरती मुख्यतः कुमाऊँकडची होऊ लागली होती, हैदराबादशी नावापुरताच संबंध उरला होता. २७ ऑक्टोबर १९४५ ला तिचं नाव कुमाऊँ रेजिमेंट झालं. दोनच वर्षांनी बडगाम.

इथपर्यंत ऐकायला बरं वाटतं. आपली पलटण, आपलं हिंगोली, आपला वारसा. पण मी आज तुमच्यापुढे जे ठेवायला आलो आहे ते याच्या पुढचं आहे.

पलटणीने एखाद्या लढाईत नाव कमावलं की तिला युद्धसन्मान मिळू शकतो. लढाईचं नाव निशाणावर, म्हणजे पलटणीच्या ध्वजावर, जरीने भरतात. रंगरूट कसम परेडला याच निशाणासमोर शपथ घेतो. बंदुकीच्या धुराने हाताला हात दिसत नसे तेव्हा आपली पलटण कुठे आहे हे शिपायाला कळावं म्हणून निशाण मैदानात उंच धरत. आता लढाईत ते कुणी नेत नाही, पण त्याचा मान तसाच आहे. नाम, नमक, निशान हे तीन शब्द तुम्हाला पहिल्या आठवड्यातच ऐकायला मिळतील.

तर रसेलच्या पलटणींना मिळालेल्या युद्धसन्मानांमध्ये नागपूर आहे, महिदपूर आहे, आणि एक नाव आहे 'नोवा'. जगाच्या नकाशावर शोधत बसू नका. आपल्याच जिल्ह्यात, हदगावच्या बाजूला नाव्हा आहे, तेच हे. तिथे नोवसाजी नाईक या हटकर सरदाराची गढी होती. पेशवाई बुडून वर्षही झालं नव्हतं. निजाम आणि इंग्रज या दोघांनाही न जुमानणारे जे नाईक या भागात उरले होते, त्यांच्यातला हा बळकट. त्याच्या पदरी अरब शिपायांची शिबंदी होती. १८१९ च्या जानेवारीत मेजर पिटमनच्या हाताखालच्या फौजेने गढीला वेढा दिला, मोर्चे बांधले, तोफा लावल्या, आणि महिनाअखेरीस तटाला खिंडार पाडून हल्ला केला. आतले बहुतेक लोक कापले गेले. नोवसाजीची सद्दी संपली आणि पलटणींना सन्मान मिळाला.

आता पुढचं नीट ऐका. तुमच्यापैकी निम्म्यांच्या मोटारसायकलवर पॅरा एसएफचं स्टिकर आहे. बलिदान बॅज तर मोबाइलच्या पडद्यावर सुद्धा असतो. नोव्याचा तट चढणाऱ्या पलटणींपैकी पहिली, रसेल ब्रिगेडची पहिली बटालियन, पुढे १ कुमाऊँ झाली आणि स्वातंत्र्यानंतर पॅराशूट रेजिमेंटमध्ये जाऊन ३ पॅरा झाली. आज ती ३ पॅरा, स्पेशल फोर्सेस आहे. म्हणजे ज्या मरून टोपीचं स्वप्न हदगावचा पोरगा बघतो, तिच्या एका पलटणीचा सुरुवातीच्या काळातला एक पराक्रम हदगावच्याच गढीवर झालेला आहे.

या गोष्टीचं काय करायचं? एका वर्गात मी हे सांगितलं तेव्हा एक पोरगा हटकर समाजाचा होता. तो गप्प झाला, मग म्हणाला, "सर, मग मी तिथं जाऊ का नको?" दुसरा लगेच म्हणाला, "हे पेपरला येत नाही, कशाला सांगता?" मला दोन्ही प्रश्न आवडले. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे : येत नाही, म्हणूनच सांगतो. पहिल्याचं उत्तर मात्र मी दिलं नाही, लष्करानेच देऊन ठेवलेलं आहे. स्वातंत्र्यानंतर आपल्या सेनेने जुन्या युद्धसन्मानांची छाननी केली आणि जे सन्मान आपल्याच देशबांधवांना हरवून मिळाले होते ते मिरवायचे नाहीत, त्यांचा उत्सव करायचा नाही, असं ठरवलं. प्लासी, श्रीरंगपट्टण, असई, खडकी, कोरेगाव, सगळे त्यात आले. नोवाही. पण पलटणी मोडल्या नाहीत, त्यांची वंशावळ पुसली नाही, अमुक साली उभी राहिली हे कागदावरून खोडलं नाही. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. जा की, खुशाल जा. फक्त कुठे चाललास ते ठाऊक असू दे.

कोरेगावचं नाव आलं म्हणून सांगतो, नाहीतर कुणी म्हणेल मास्तर सोपी सोपी उदाहरणं देतात. १ जानेवारी १८१८ ला कोरेगाव भीमाला पेशव्यांच्या फौजेशी लढलेल्या मुंबई पलटणीत महार शिपाई मोठ्या संख्येने होते, स्तंभावर त्यांची नावं आहेत. वंशावळीने त्या पलटणीचा वारसा आज ग्रेनेडियर्सकडे जातो. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात इंग्रजांनी लढाऊ जातींचं खूळ काढलं आणि महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकर, जे स्वतः पेन्शनर हवालदार, त्यांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला, त्यांच्यामागून शिवराम जानबा कांबळ्यांनी झगडा चालू ठेवला. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला स्तंभाजवळ गेले. आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यात कोरेगावचा स्तंभ होता. पुढे तो काढला, त्या जागी कट्यार आली. सरकारदरबारी जो सन्मान मिरवायचा नाही असं ठरलं, तोच दगड लाखो लोकांना आपल्या माणूसपणाची साक्ष वाटतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ज्याला हा पेच आधी माहीत आहे तो बॅरेकमध्ये शेजारच्या खाटेवरच्या पोराशी वाद घालताना जरा जपून बोलेल. ज्याला व्हॉट्सॲपवरून माहीत आहे त्याचं काय होतं ते आपण पाहतोच.

आता परंपरेकडे. परंपरा आणि इतिहास ही एकच गोष्ट आहे असं धरून भाषणं होतात. तुम्ही दोन्ही वेगळ्या ओळखा. परंपरा निवडक असते, तिला कामाला लावायचं असतं. प्रशिक्षण केंद्रात तुम्हाला दोन-अडीचशे वर्षं काही महिन्यांत अंगात भिनवायची असतात, तिथे निवड करावीच लागते, त्यात गैर काही नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीत ४ फेब्रुवारी हा दिवस साजरा होतो, १६७० च्या सिंहगडाच्या लढाईची आठवण म्हणून. पण रेजिमेंटची सर्वांत जुनी पलटण, जंगी पलटण, १७६८ ची, ती उभी केली मुंबईच्या इंग्रज कंपनीने. म्हणजे रेजिमेंटने आपला दिवस आपल्या जन्माच्याही आधीचा निवडला. मला यात ढोंग वाटत नाही. शिपायाला ज्याच्या नावाने उठावंसं वाटतं तो पूर्वज त्याने मागून घेतला.

युद्धघोषाचं तेच. ड्रिलच्या मैदानावर घसा फाटेस्तोवर "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" म्हणताना पहिल्या दिवशी अंगावर काटा येतो, पंधराव्या दिवशी पाणी कधी मिळेल याकडे लक्ष असतं. पण तो कशासाठी असतो ते बघा. संगमनेरकडच्या निमजचे शिपाई नामदेव जाधव, इटलीतली सेनिओ नदी, ९ एप्रिल १९४५. ते कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोहोचवणारे. नदी ओलांडून पलीकडच्या बांधावर चढताना मशीनगनच्या माऱ्यात पुढची तुकडी जवळजवळ सगळी पडली. जाधवांनी एका जखमीला उचललं, खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून अलीकडे आणून ठेवलं. परत गेले, आणखी एका जखमीला आणलं. मग तिसऱ्यांदा एकटे गेले आणि मशीनगनच्या मोर्च्यांवर चालून गेले. हाताला गोळी लागली, टॉमीगन चालवता येईना, तर ती फेकून दिली आणि हातबॉम्ब काढले. मोर्चे थंड केल्यावर हा माणूस बांधाच्या माथ्यावर, उखळी तोफांच्या माऱ्यात, उघड्यावर उभा राहिला आणि पलटणीचा जयघोष करत हाताने खुणा करून उरलेल्या कंपन्यांना नदीपार बोलावू लागला. त्या गोंधळात, अनोळखी मुलखात, कुठल्या बाजूला यायचं हे सांगायला तो आवाज आणि त्या खुणा होत्या. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच रेजिमेंटचे यशवंत घाडगे आदल्या वर्षी इटलीतच पडले, त्यांनाही मिळाला, मरणोत्तर. मैदानावर घसा फाडून घेताना जाधव आठवले तर पंधरावा दिवसही निभेल, असं मला वाटतं. निदान उस्तादाने परत ओरडायला लावलं तर राग कमी येईल.

कवायतीचीही अशीच कहाणी आहे. जुन्या काळी एका गोळीनंतर बंदूक भरायला वेळ लागे, म्हणून शिपायांना खांद्याला खांदा लावून रांगेत उभं करत आणि एकदम बार काढत. रांग मोडली की मरण. त्यासाठी पावलाला पाऊल, आणि तालासाठी ढोल. लाइट इन्फन्ट्री मात्र रांगेपुढे पांगून, झाडाझुडपांचा आडोसा घेत लढणारी. पांगलेल्या माणसांना ढोल आणि आरोळी पुरत नाही, म्हणून बिगुल. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बिल्ल्यात बिगुल का आहे, ते आता कळलं? सावधान-विश्राममध्ये तासभर घालवताना 'हे कशाला' हा प्रश्न मनात येतोच. उत्तर माहीत असलेलं पोरगं कमी थकतं, असा काही माझा दावा नाही. थकायचं तेवढं थकेलच. ते कमी कुढतं, एवढं पाहिलं आहे.

मराठ्यांची लष्करी परंपरा म्हटलं की आपल्याकडे तलवारीपासून सुरुवात होते. मी पोरांना आधी एक पत्र वाचायला देतो. राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना शिवाजी महाराजांनी लिहिलेलं. पत्रात पराक्रमाचा एक शब्द नाही. विषय आहे दाणा, गवत आणि उंदीर. पावसाळ्यापुरती बेगमी जपून वापरा, नाहीतर आषाढात काही उरणार नाही आणि घोडी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरून दाणे, भाकरी, गवत, भाजीपाला उचलू लागाल आणि लोक म्हणतील यांच्यापेक्षा मोगल बरे. कुणी गवताजवळ आगट्या पेटवील, कुणी चिलीम ओढील, कुणी दिवा जळता ठेवून झोपेल, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सगळी गंजी, सगळी पागा जळेल. राजा उंदराचा विचार करतो आहे! तुम्हाला बॅरेकमध्ये बूट एका रेषेत लावायला, पाण्याची बाटली भरून ठेवायला, रात्री दिवे मालवायला लावतील तेव्हा ते इंग्रजी शिस्तीचं खूळ नाही, एवढं या पत्रावरून समजेल. आणि पुढे कधी सीमेवरच्या एखाद्या गावात ड्युटी लागली तर त्यातलं भाजीपाल्याचं वाक्य आठवेल.

आपल्या तालुक्यात तर ते वेगळं शिकवावं लागू नये. अर्जापूर आपल्याच तालुक्यातलं. १९४६ मध्ये तिथे हैदराबाद मुक्तिसंग्रामातले कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. हत्यारबंद माणूस गावात शिरला की गाव त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहतं, हे रझाकारांच्या काळात आपल्या आज्या-आजोबांनी पाहिलं आहे. आणि १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झालेल्या पोलीस कारवाईच्या पाच दिवसांत वेगळ्या गणवेशातली माणसं येताना पाहून जो जीव भांड्यात पडला, तोही त्यांनीच अनुभवला. अर्थात त्या दिवसांत आणि त्यानंतर सगळ्यांच्याच वाट्याला सुटका आली नाही, पुष्कळ निरपराध लोकही भरडले गेले. तेही सांगितलं पाहिजे. गणवेश बाहेरून कसा दिसतो हे ज्या भागाला इतकं ठाऊक आहे, तिथल्या पोराने तो आतून घालताना ही माहिती घरी ठेवून जाऊ नये.

साताऱ्याकडे अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण कामी आले. अशा गावातल्या पोराला हे सगळं ओट्यावर बसून ऐकायला मिळतं. आजोबा सुभेदार, चुलता हवालदार, घरात पदकांची पेटी. आपण पडलो निजामाच्या मुलखातले. इंग्रज मराठ्यांची भरती करत ती कोकणात आणि देशावर, आपल्याकडे पेन्शनीची मनीऑर्डर क्वचित. म्हणून आपल्या पोरांनी ते वाचून, विचारून, हिंडून मिळवायला हवं. सगरोळीला सैनिकी विद्यालय आहे, माजी सैनिक आता गावोगाव आहेत, त्यांना नुसतं १५ ऑगस्टला नारळ देऊन परत पाठवू नका, बसवून घ्या. नांदेडला गुरुद्वाऱ्यात येणाऱ्या शीख जवानांशी बोला. दहाव्या गुरूंच्या शब्दांतून आपल्या रेजिमेंटचं बोधवाक्य घेणारे ते लोक नांदेडकडे कसं पाहतात, हे नांदेडच्या माणसालाच ठाऊक नसावं, याला काय म्हणावं?

एक धोका सांगून संपवतो. हे सगळं वाचून गेलात आणि पहिल्याच आठवड्यात उस्तादाला इतिहास शिकवायला लागलात, तर जे होईल त्याची जबाबदारी माझी नाही. तिथे "जी उस्ताद" एवढंच बोलायचं. रगडा सगळ्यांना सारखा. कसम परेड होईल, पलटण मिळेल, तिथल्या जुन्या सुभेदारसाहेबांची मर्जी बसेल, तेव्हा एखाद्या संध्याकाळी विचारा : साहेब, आपल्या पलटणीच्या नावावर पूर्वी काय काय होतं? कुणाशी लढून? मला अनुभव आहे, माहितगार सुभेदाराला असा प्रश्न फार आवडतो. आणि अग्निपथमध्ये चार वर्षांनी शंभरातले पंचाहत्तर परत येणार आहेत. त्यांनी नोकरीच्या अर्जाबरोबर हेही घेऊन यावं. संयोजकांना माझी विनंती आहे की पुढच्या वर्षीचं एक पुष्प सुट्टीवर आलेल्या किंवा परतलेल्या जवानासाठी राखून ठेवावं. सांगता येईल तेवढं त्याने सांगावं, मी समोर बसून ऐकेन. आता प्रश्न घेऊ या, आणि पहिला प्रश्न भिंतीकडून यावा.